नाताळची वाट

मुंबईच्या धोबीतलाव आणि माझगाव या भागांत 'कूड' या नावाने ओळखली जाणारी गोमंतकीय ख्रिस्ती बांधवांची वसतिस्थाने आहेत. कूड म्हणजे एकेका गावाच्या नावाने चालणारे सामाईक बिऱ्हाड. पोटासाठी मुंबईस आलेले आचारी, वादक आणि बोटीवरील खलाशी तेथे अल्प भाड्यात राहत. भिंतीलगत प्रत्येकाची पेटी आणि समोर गावच्या संताची वेदी. सायंकाळी सारे मिळून प्रार्थना करीत. मन मात्र डिसेंबराकडे लागलेले असे. नाताळला घरी पोहोचावयाचे!

किनाऱ्याने आगबोट जाई. 1888 साली मार्मागोव्याचा लोहमार्ग ब्रिटिश हद्दीतील रेल्वेशी जोडला गेला आणि घाटातूनही वाट झाली. दोन राजवटींमधील सीमा प्रवाशाला फारशी जाचत नसे.

पुढे गोवामुक्तीचा लढा पेटला. 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्या वर्षी नाकेबंदी कडक झाली, रेल्वे थांबली, परवान्यावाचून सीमा ओलांडता येईना. ज्यांना परवाना मिळाला नाही, त्यांना नाताळ कुडातील वेदीपुढेच करावा लागला. हुतात्म्यांचे ऋण थोर आहेच. परंतु स्वातंत्र्याचे मोल या माणसांनीही निमूटपणे भरले, याचा उल्लेख क्वचितच होतो.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. नाताळ तेव्हा अवघ्या सहा दिवसांवर आला होता.