उपासाचें इंधन

अपस्माराच्या रोग्यास लंघन करविलें म्हणजे त्याचे झटके पुष्कळदां कमी होतात, ही गोष्ट फार जुन्या काळीं वैद्यांच्या ध्यानांत आली होती. परंतु लंघन चालविणार किती दिवस? वाढत्या मुलाला उपाशी ठेवून बरें करणें म्हणजे थंडी घालविण्यासाठीं घराचे वासे जाळणें होय.

१९२१ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनीं एक मार्ग सुचविला. उपासांत शरीर स्वतःची चरबी जाळतें, आणि यकृतांत तिच्यापासून कीटोन नांवाचीं द्रव्यें बनतात. मग स्निग्धांश भरपूर व पिष्ट-शर्करा अत्यल्प असें अन्न दिलें, तर जेवूं घालूनहि उपासाचा गुण कां येऊं नये? तर्क खरा ठरला. मौज अशी कीं, हींच द्रव्यें तोंवर वैद्यांना मुख्यतः मधुमेहाच्या अंतकाळचीं दूत म्हणून ठाऊक होतीं. दीर्घ उपासांत मेंदु साखरेच्या जागीं मुख्यतः हींच जाळतो, हें डॉ. जॉर्ज केहिल व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें तें १९६७ मध्यें.

पथ्य मात्र कठोर. १९२५ सालीं डॉ. पीटरमन यांनीं दिलेल्या प्रमाणांत मुलाला दिवसाकांठीं पिष्ट-शर्करा अवघी १० ते १५ ग्रॅम. बाकी बहुतेक सारें लोणी नि साय. एवढ्यांत धड एक पोळीहि बसत नाहीं! असें ताट रोज लेकरापुढें ठेवतांना त्या माउल्यांना काय वाटलें असेल? १९३८ सालीं फेनिटॉइनचा गुण कळला, आणि पथ्य मागें पडलें.

पण औषधांना दाद न देणारीं मुलें उरलींच. त्यांच्यासाठीं १९७१ सालीं डॉ. पीटर हटनलॉकर व सहकाऱ्यांनीं निराळें तेल योजिलें. नेहमींच्या तेलांतील आम्लांत बहुधा १६ वा १८ कार्बन अणूंची सांखळी असते; या तेलांत ती ८ वा १० अणूंची. यांचीं नांवें कॅप्रिलिक व कॅप्रिक. लॅटिनमध्यें ‘कापर’ म्हणजे बोकड, आणि शेळीच्या दुधांतहि हीं आम्लें असतात; वर्गांत हें सांगितल्यावर मुलें नांवें सहसा विसरत नाहींत. लांब सांखळ्या लसिकावाहिन्यांतून वळसा घेतात. या मध्यम सांखळ्या थेट यकृतांत पोंचतात व लवकर कीटोन होतात. म्हणून एकंदर उष्मांकांपैकीं ६० टक्के या तेलांतून दिले, तरी भात, पाव, फळें यांना ताटांत जागा राहिली. पोटदुखी व जुलाब हा त्याचा त्रास. पुढें मात्रा उतरविण्यांत आली. २००९ सालीं लंडनमधील डॉक्टरांनीं दोन्ही पथ्यांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हां गुण सारखाच आढळला.

आज हेंच तेल धडधाकट माणसांना ‘शक्तीसाठीं’ बाटलींतून विकलें जातें. वास्तविक त्याच्या एका ग्रॅमांतून सुमारें ८.३ उष्मांक मिळतात. साध्या तेलांतून ९. तें लवकर जळतें एवढेंच. आपल्या कोंकणांतील खोबरेल म्हणजेच तें, असाहि समज आहे. खोबरेलांत ८ व १० अणूंचीं आम्लें सुमारें सातवा हिस्सा. जवळजवळ अर्धा भाग १२ अणूंच्या लॉरिक आम्लाचा, आणि त्याचा बराचसा अंश लांबच्याच वाटेनें जातो.