तळटीप : ‘फार सॉरी वाटलं’
पत्रलेखक गुलबर्ग्याचे. मित्राचे वडील गेल्याचे कळल्यावर लिहिलेल्या या ओळीत माफी नाही, दुखवटा आहे. इंग्रजीत धक्का लागला तरी ‘सॉरी’ आणि कुणी गेले तरी ‘सॉरी’च. ‘सॉरो’शी त्याचे नाते सख्खे वाटते, पण तो ‘सोअर’च्या, म्हणजे दुखऱ्याच्या, कुळातला. ‘रिग्रेट’ जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ मृतासाठी विलाप करणे असा होता. आज तो नकारपत्रांत भेटतो. मराठीत हा दुहेरीपणा ‘दिलगीर’मध्ये होता. फारसीतून आलेला हा शब्द जुन्या मराठीत खिन्न, दुःखी अशा अर्थाने वापरला जाई. आता वृत्तपत्राच्या चूकदुरुस्तीत ‘दिलगीर आहोत’ एवढाच तो उरला, हे मनाला लागते. गुलबर्गा १३४७पासून काही दशके बहमनींची राजधानी होते आणि १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात, जिथे अखेरच्या काळात कारभार उर्दूत चाले. त्यामुळे तिथल्या मराठी माणसाला फारसी वळणाचे शब्द परके नव्हते. तरीही पत्रलेखकाने ‘दिलगीर’ सोडून ‘सॉरी’ लिहिले. पुढच्याच ओळीत ‘जीव हळहळला’ असे आहे, म्हणजे मराठी शब्द त्यांच्या हाताशी होता. मूळ शब्द आम्ही बदललेला नाही.