निळ्या झिलईची चिनी फुलदाणी

चीनच्या ज्यांगशी प्रांतातल्या चिंगदेचन येथील भट्ट्यांत युआन राजवटीपासून (१२७१–१३६८) घडत आलेला पोर्सलिनचा प्रकार. आपल्याकडे अधिक ओळखीची असतात ती पांढऱ्या अंगावर निळी नक्षी काढलेली भांडी. त्यांत कोबाल्टने चित्र रेखून वर पारदर्शक झिलई देतात. इथे कोबाल्ट झिलईतच कालवलेला असतो, म्हणून बाहेरचे सारे अंग एकाच गर्द निळाईने झाकले जाते. तांब्यापासून मिळणारा लाल रंग भट्टीत वारंवार दगा देई; बाराशे अंश सेल्सिअसच्या वरच्या आचेतही कोबाल्ट मात्र भरवशाने टिके.

युआन काळातल्या, निळ्यावर पांढरा ड्रॅगन असलेल्या ‘मेइपिंग’ घाटाच्या तीनच फुलदाण्या आज माहीत आहेत. एक पॅरिसच्या गिमे संग्रहालयात, एक बीजिंगच्या ग्रीष्म प्रासादात आणि सर्वांत मोठी, ४३.५ सेंटिमीटर उंचीची, यांगजौ संग्रहालयात. पुढे मिंग सम्राट श्वेनदे (१४२६–३५) याच्या काळात निव्वळ निळी भांडी फार वरच्या दर्जाला पोहोचली. हा रंग बीजिंगच्या स्वर्गमंदिरातील पूजापात्रांचा ठरला. पृथ्वीच्या पूजेला पिवळा आणि सूर्याच्या पूजेला लाल.

विक्रीस आलेल्या अशा फुलदाण्यांचे अलीकडचे ठळक उदाहरण इंग्लंडमधले. तिथल्या एका शल्यविशारदाने १९८०च्या दशकात काही शे पौंडांना घेतलेली दोन फुटी फुलदाणी पुढे मुलाकडे आली आणि वर्षानुवर्षे स्वयंपाकघरात राहिली. गोल पोट, वर उभा गळा. निळ्या अंगावर सोन्यारुप्याने काढलेले क्रौंच, ढग आणि वटवाघळे. आपल्याकडे वटवाघूळ अशुभ मानतात, चीनमध्ये ते भाग्याचे चिन्ह आहे. तळाशी सम्राट छियानलोंग (१७३६–९५) याची सहा अक्षरी मुद्रा. निळी झिलई तीव्र आचेत, बाकीचे रंग आणि सोनेरूपे त्याहून मंद आचेत, अशी ती किमान तीनदा भट्टीत गेली असावी, असे जाणकारांचे मत पडले. मे २०२२मध्ये न्यूबरी येथील ड्रेवीट्सच्या लिलावात एक ते दीड लाख पौंडांचा अंदाज होता. बोली १२ लाखांवर थांबली, आणि शुल्क धरून रक्कम साडेचौदा लाखांच्या घरात गेली.

अंदाज चुकल्याचे हे एकच उदाहरण नव्हे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे ड्रॅगन आणि ढगांच्या निळ्या-पांढऱ्या फुलदाणीला मूल्यांकनकाराने विसाव्या शतकातली ठरवून दोन हजार युरोपर्यंतची किंमत लावली होती. बोली ७७ लाख युरोंवर गेली. वस्तूच्या वयाबद्दल जाणकारांतच इतका मतभेद असू शकतो, तर केवळ तळाची मुद्रा पाहून पैसे मोजणे धोक्याचेच.

मुद्रा हा सर्वांत दुबळा पुरावा होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिनी कारागीर खांगशी काळाची (१६६२–१७२२) मुद्रा सर्रास घालत, तेही बऱ्याचदा पूर्वसूरींविषयीच्या आदरापोटी. अधिक बोलके असतात काठ आणि पाय. वितळलेली झिलई खाली ओघळल्याने उत्तम नगाच्या तोंडाशी पांढरी, रेखीव कड उमटते. पायाच्या झिलईविरहित कडेवर मातीचा पोत आणि भाजणी उघडी दिसते. त्यानंतर हवा मालकीचा माग: जुनी पावती, छायाचित्र, घरातली पत्रे.

मुंबईत उत्तम चिनी पोर्सलिन पाहायचे तर छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जावे. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह तिथे आहेत. खरेदीचा विचार असेल तर १९७२चा पुरावस्तू कायदाही ध्यानात ठेवावा. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू त्याच्या कक्षेत येतात, त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.