सोनेरी महालात, दिवेलागणीला

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारातून थेट आलात ना? नाकात अजून ठसका असेल, असू द्या. भोकरदन, फुलंब्री मागे टाकून तुम्ही छत्रपती संभाजीनगरात, डोंगराच्या पायथ्याशी सोनेरी महालासमोर उभे आहात. संग्रहालयाचं तिकीट खिशात ठेवा. डोळे मिटा. आता उघडा!

बाजूला व्हा आधी, हत्ती येतोय. ओला चारा, लीद, तापलेली धूळ असा सगळा वास एकदम अंगावर येतो. माहूत खेकसतो, पखालवाला तुमचा खांदा भिजवून पुढे जातो. औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेल्या बुंदेल्या पहाडसिंगाचा हा वाडा. 1651 ते 1653 या काळात उभा राहिलाय, चुन्याचा वास अजून गेलेला नाही. चपला काढा आणि उंच जोत्याच्या पायऱ्या भराभर चढा, दगड तव्यासारखा तापलाय.

आत शिरलात की ऊन उंबऱ्याशीच थांबतं. जाड भिंती, पाकळीदार कमानी, तळव्यांना गार फरशी. खुर्ची शोधू नका, लोडाला टेकून मांडी घाला. चहाही मागू नका. इथे पाणी मिळेल, विडा मिळेल. एका कोपऱ्यात बुंदेली चाललीय, दुसरीकडे दख्खनी, आणि दारातला पोरगा मोळीचा भाव सांगतोय चक्क आपल्या मराठीत. त्याच्याकडे बघून हसा, तो तुमच्याच मुलखातला.

वरच्या मजल्यावर वारा आहे. बीबी का मकबरा कुठे दिसतो म्हणून मान उंचावू नका. औरंगजेबाच्या ज्या बेगमेसाठी तो बांधतील, ती अजून हयात आहे. तिथे नुसतं रान, आणि गुरं घरी निघालीत.

खाली या लवकर, दिवे लागताहेत. याच घटकेसाठी तुम्हाला आणलं. दिवसा भिंतीवरची सोनेरी नक्षी निमूट होती. आता तेलाची ज्योत हलली की वेल हलते, फूल उजळतं, विझतं, पलीकडचं पेटतं. बसलेल्यांच्या गालांवर, हातातल्या पितळी भांड्यावर तोच पिवळा उजेड सांडतो. तेलाचा, अत्तराचा, घामाचा वास दाटलाय, कुणीतरी मोठ्यानं हसतंय, आणि चितारी कोपऱ्यात उभा राहून भिंतीकडे न बघता माणसांचे चेहरे न्याहाळतोय.

परत या. राज्य पुरातत्त्व विभागाच्या या संग्रहालयात मूर्ती आहेत, शस्त्रं आहेत, ती बघाच. पण ज्या सोन्यावरून महालाला नाव पडलं, त्याच्या पुसट खुणा भिंतींवर शोधा. पांढऱ्या उजेडात त्या सहज निसटतात. तेलाच्या वाती आज नकोतच, काजळी धरेल. पण तसाच पिवळा, खालून येणारा, थरथरता उजेड बटणावर मिळतो आता. महिन्यातून एका संध्याकाळी विभागानं तो लावावा आणि शाळेतल्या पोरांना चपला काढून फरशीवर बसू द्यावं.