आरंभीच्या विनोदी बोलपटांतील माणसे

‘शोले’ (१९७५) मधला सूरमा भोपाली बोलू लागला की आपण भोपाळकर हसतो, आणि हसता हसता जरा चपापतोही. जगदीप दतियाचे. बढाईखोर लाकूडवाल्याच्या दोन-चार प्रसंगांत त्यांनी आपली बोली देशभर पोचवली, आणि तेव्हापासून परगावी ‘भोपाळहून आलो’ म्हटले की समोरचा ती बोली आपल्यालाच ऐकवू लागतो. विनोदात आपल्याला कोण दाखवतो, हा प्रश्न म्हणूनच आपल्या घरचा आहे. त्याचे धागे जुन्या मराठी चित्रपटांत सापडतात.

‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मधली तारामती हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंखे यांनी केली. १९१४च्या जानेवारीत ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, त्याच खेळात फाळक्यांनी ‘पिठाचे पंजे’ हे छोटे प्रहसनही दाखवले. पडद्यावरची स्त्री आणि आदळआपटीचा विनोद असे जवळजवळ एकाच वेळी आपल्याकडे आले. बायकांची वर्णी मात्र लागली ती पौराणिक कथेत.

बोलपटांच्या काळात मास्टर विनायक आणि आचार्य अत्रे यांनी या विनोदाला खरे घर दिले. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) मराठीत आणि हिंदीतही निघाला. लग्न न करण्याची शपथ घेतलेला औदुंबर विनायकांनी केला, तर त्याची भंबेरी उडवणारी किशोरी मीनाक्षी शिरोडकर यांनी. पोहण्याच्या पोशाखातल्या मीनाक्षीबाईंवर तेव्हा गहजब झाला. पण माझ्या मते त्या चित्रपटातली सर्वांत शहाणी व्यक्ती तीच आहे, आणि हसू होते ते पुरुषाचे.

पुढच्या वर्षीच्या ‘ब्रँडीची बाटली’त दामुअण्णा मालवणकर नायक झाले. त्यांचा डोळा तिरळा होता. अशा माणसाला एरवी दारावरचा शिपाई करून प्रेक्षकांना हसवले असते. येथे सारी गोष्टच त्या भाबड्या कारकुनाची. ‘लग्न पहावे करून’ (१९४०) मध्ये ते चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. या जोडीचे जनक चिं. वि. जोशी बडोद्यात पालीचे प्राध्यापक होते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी मध्यमवर्गाची फजिती इतक्या मायेने लिहिणारा हा माणूस आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रीयांना परका वाटू नये. आपण आपल्यालाच हसायचे, ही त्या विनोदाची सभ्यता. मात्र ते ‘आपण’ फार थोडे होते. सारा संसार पांढरपेशांचा. गिरणीतल्या माणसाची फजिती तिथे गोष्टीचा विषय होत नाही.

तो माणूस भगवान पालव यांच्यामुळे पडद्यावर आला. गिरणी कामगाराचा हा मुलगा मूकपटांपासून कामे करीत होता. त्यांचे कमी खर्चाचे मारामारीपट कामगारवस्तीत चालत, सुशिक्षितांना त्यांची खबरही नसे. ‘अलबेला’ने (१९५१) ती दिली: गोल चेहऱ्याचा, बुटका, बसक्या अंगाचा नायक गीता बालीसमोर मनसोक्त नाचला, आणि त्याचे नाचणे कोणाला हास्यास्पद वाटले नाही.

याच भगवानदादांच्या हातून १९४२ मध्ये एका चित्रीकरणात चूक झाली. प्रसंगातली थप्पड जोरात बसली, ललिता पवारांच्या चेहऱ्याला लकवा मारला आणि काही वर्षांच्या उपचारांनंतरही डावा डोळा अधू राहिला. येवल्यात जन्मलेली, मूकपटांपासून नायिका असलेली ही बाई मग खाष्ट सासू झाली. दामुअण्णांना तिरळ्या डोळ्याने नायकपद मिळाले होते. ललिताबाईंचे नायिकापद तशाच डोळ्याने गेले. दोघेही मराठी, दोघेही त्याच दशकातले, आणि प्रेक्षकही आपणच.

त्या डोळ्याकडे मायेने पाहायला लावणारी एक भूमिका त्यांना १९५९ मध्ये मिळाली. ‘अनाडी’तली मिसेस डिसा वरून तिखट, आतून हळवी अशी ख्रिस्ती घरमालकीण आहे. तिच्या रागावण्यावर आपण हसतो आणि तिच्यासाठी रडतोही. ललिताबाईंना त्यासाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, साहाय्यक अभिनेत्रीचे.