आधी बोलणं, मग लिहिणं : लीळाचरित्रापासून कोसबाडपर्यंत

मुलांना लिहिता येत नाही, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. पण लिहिण्याआधी वर्गात त्यांना किती बोलू दिलं, हे फारसं कुणी विचारत नाही.

मराठी गद्याचा आरंभ बघा. लीळाचरित्र तेराव्या शतकातलं. चक्रधरस्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही, ते बोलले. त्यांच्यामागे म्हाइंभटांनी, नागदेवाचार्यांच्या साहाय्याने, ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून आठवणी जमवल्या. स्वतः संस्कृतचे पंडित, पण लिहिलं लोकांच्या मराठीत. आणि नुसतं उतरवून घेतलं नाही बरं का! विचारलं, पडताळलं, क्रम लावला, मग लिहिलं.

पुढे पंतोजींच्या शाळेत आवाज पुष्कळ होता. पाढे घोकायचे, धूळपाटीवर अक्षर गिरवायचं. मात्र त्या आवाजात मुलाचं स्वतःचं म्हणणं नव्हतं. आज पाठ केलेला निबंध उतरवणारा विद्यार्थी याच परंपरेतला आहे.

वेगळी वाट आपल्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात निघाली. ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा पाड्यावर गेली, अंगणात भरली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शाळा अंगणात गेली, की अंगणातली बोलीही शाळेत येते. मूल आधी गातं, सांगतं, विचारतं, अक्षर नंतर.

आता आपल्या मीरा-भाईंदरचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. उत्तनचं कोळ्याचं मूल, राई-मुर्ध्याचं आगरी मूल, शेजारी घरी गुजराती किंवा हिंदी बोलणारं. एखादं म्हणतं ‘मना’, आणि आपण लगेच म्हणतो, “‘मला’ म्हण.” झालं! होडीची, मिठागराची जी गोष्ट ते सांगणार होतं, ती तिथेच थांबली. चूक दुरुस्त झाली, पण लिहायला काही उरलं नाही.

कुणी म्हणेल, अशाने प्रमाणभाषा बिघडेल. नाही. बोलणं आणि लिहिणं एकच नव्हे. समोरचा माणूस “म्हणजे काय?” असं विचारू शकतो, कागदाला ते विचारता येत नाही, सॉक्रेटिसाची लेखनाबद्दलची शंका हीच होती. म्हणून तो प्रश्न वर्गातच विचारला गेला पाहिजे. एकाने सांगावं, इतरांनी विचारावं, उत्तरं देता देता गोष्ट पुरी व्हावी. मग ती लिहावी, मोठ्याने वाचावी, जिथे ऐकणारा अडखळेल तिथे वाक्य सुधारावं. ‘मना’चं ‘मला’ तेव्हा करू. कथेतल्या पात्राच्या तोंडी असेल तर ‘मना’च ठेवू.

म्हाइंभटांनी हेच केलं होतं. साठ मुलांच्या वर्गात रोज हे जमणार नाही, मान्य. आठवड्यातला एक तास तरी द्या.