शिधापत्रिका आणि व्रते : दुसऱ्या महायुद्धातील पुण्याचे गृहजीवन

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे घोषित केले. पुढील सहा वर्षांत शत्रूचे सैन्य पुण्याच्या आसपासही आले नाही. तथापि युद्ध पुणेकरांच्या घरात शिरले ते धान्याच्या डब्यातून, रॉकेलच्या बाटलीतून आणि सुट्या पैशांच्या टंचाईतून. लढायांची वर्णने इतिहासग्रंथांत विपुल आहेत. त्या काळात चूल कशी पेटत राहिली, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. जैन समाजाच्या दृष्टीने ही नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण ज्या संयमाचा उपदेश व्याख्यानांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकला जात होता, तोच संयम सरकारी हुकुमाच्या रूपाने दारी आला.

पुणे हे लष्कराच्या दक्षिण विभागाचे मुख्यालय. खडकीचा दारूगोळा कारखाना आणि देहूरोडचा लष्करी साहित्याचा डेपो यांमुळे शहराभोवती माणसांची वर्दळ वाढली. ऑगस्ट १९४२ पासून महात्मा गांधी आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. तेथेच महादेवभाई देसाई आणि पुढे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा यांनी देह ठेवला. एकीकडे स्वातंत्र्याचा लढा आणि दुसरीकडे महागाई, अशा दुहेरी ताणाखाली पेठांतील संसार चालले होते.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ व रॉकेल एकदमच थांबले. १९४३ पर्यंत घाऊक किमती युद्धापूर्वीच्या दुपटीच्याही पुढे गेल्या. चांदीची नाणी लोकांनी घरात दडवली, म्हणून सरकारने १९४० मध्ये एक रुपयाची कागदी नोट चलनात आणली. धातू वाचविण्यासाठी १९४३ पासून मध्यभागी छिद्र असलेला तांब्याचा पैसा निघाला. ‘भोकाचा पैसा’ म्हणून तो पुढे अनेक वर्षे लोकांच्या आठवणीत राहिला.

मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि पाठोपाठ पुण्यासह प्रांतातील अन्य शहरांतही ते आले. त्याच वर्षी अन्नधान्य धोरण समितीने एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत शिधावाटप करावे आणि प्रौढ माणसास दररोज एक पौंड, म्हणजे सुमारे ३९ तोळे धान्य मिळावे, अशी शिफारस केली. घरात किती माणसे जेवतात हे प्रथमच कागदावर लिहिले गेले. पाहुणा चार दिवस राहिला तर त्याचा शिधा कोठून आणावयाचा, हा प्रश्न आतिथ्यशील घरांनाही पडू लागला.

या ओढाताणीचा मुख्य भार गृहिणींवर होता. रेशनच्या दुकानापुढील रांग, साखर व रॉकेल यांचा मोजका वाटा आणि खडे-मातीने भरलेले धान्य हे नित्याचे झाले. जैन गृहिणीसाठी धान्य निवडणे ही केवळ स्वच्छतेची बाब नव्हती. एखाद्या सूक्ष्म जीवाची हिंसा घडू नये ही जयणा त्यामागे होती. किडलेले धान्य हाती आले की हे काम दुप्पट होई. दुसऱ्या बाजूने काही सवयी उपयोगीही पडल्या. भुकेपेक्षा दोन घास कमी खाण्याचे ऊनोदरी तप घराघरांत परिचित होते. तूप, तेल, साखर वर्ज्य करणारे आयंबील काही नवे नव्हते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात रात्रीच्या स्वयंपाकासाठी दिव्याला तेल जाळावे लागत नसे.

याच सुमारास घड्याळही बदलले. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशातील घड्याळे एक तास पुढे होती. हिवाळ्यात सहाच्या सुमारास होणारा सूर्यास्त आता घड्याळाप्रमाणे सातला होऊ लागला. त्यामुळे सहाला काम सुटणाऱ्या माणसालाही चौविहार पाळणे काहीसे सुलभ झाले. सरकारचा काटा सरकला तरी व्रत मात्र सूर्यालाच बांधलेले राहिले.

परंतु स्वयंपाकघरातील संयम हा परीक्षेचा सोपा भाग होता. खरी कसोटी दुकानात होती. भवानी पेठ व नाना पेठेतील भुसार व्यापारात आणि रविवार पेठेतील कापडाच्या पेढ्यांत जैन कुटुंबे मोठ्या प्रमाणावर होती. १९४२ मध्ये घाऊक धान्यव्यापारास परवाना आवश्यक झाला, जून १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये साठेबाजी व नफेखोरीविरुद्ध वटहुकूम निघाला. चार महिने माल दाबून ठेवला तर त्याचे मोल वाढणार, हे प्रत्येक व्यापारी जाणत होता. शास्त्राने मात्र या प्रसंगाचा विचार फार पूर्वीच करून ठेवला होता. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे वापरण्याबरोबर ‘विरुद्धराज्यातिक्रम’, म्हणजे राज्याचे निर्बंध डावलून केलेला व्यवहार, हाही दोष सांगितला आहे. परिग्रह-परिमाण व्रतात तर धनाइतकीच धान्याचीही मर्यादा ठरवावयाची असते.

सर्वच पेढ्या या कसोटीला उतरल्या, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. काळा बाजार देशभर होता आणि कोणताही व्यापारी समाज त्यापासून सर्वस्वी अलिप्त नव्हता. त्याची किंमत बंगालने मोजली. १९४३ च्या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसे दगावल्याचा अंदाज चौकशी आयोगाने दिला. तांदळाच्या व्यवहारातील अवाजवी नफा १५० कोटी रुपये धरला, तर एकेका मृत्यूमागे सुमारे हजार रुपये नफा पडतो, असा हिशेबही त्याच आयोगाने मांडला. अपरिग्रह हे केवळ वैयक्तिक मोक्षाचे साधन नसून दुसऱ्याच्या ताटातील घासाशी त्याचा संबंध आहे, हे या एका आकड्याने जेवढे स्पष्ट होते तेवढे क्वचितच अन्य कशाने होईल.

१९६५ च्या युद्धकाळात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. त्या वेळी हुकूम नव्हता, विनंती होती. आणि असंख्य घरांनी ती स्वेच्छेने पाळली. टंचाईने पोट रिकामे राहणे आणि दुसऱ्यासाठी स्वतःहून एक घास कमी घेणे, या दोहोंत महदंतर आहे. शिधापत्रिकेने पहिले शिकविले. व्रताने शिकवावयाचे ते दुसरे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी नव्या पिढीने आजी-पणजींच्या त्या काळाचे स्मरण करताना एवढा भेद ध्यानी ठेवला, तरी त्यांचे कष्ट सार्थकी लागतील.